आनेकलचा सांगावा

अण्णा, मी त्या दिवशी आनेकलला पोचलो होतो.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तुम्हाला तर नाहीच. तुम्ही काय धरून चालला होतात ते मला कधी कळलं नाही. माझी बस चुकली असेल, मी वाटेतच उतरलो असेन, घर सापडलं नसेल, यातलंच काहीतरी तुम्ही समजला असाल. पण मी पोचलो होतो. घर सापडलं होतं. सावित्रक्का अंगणात बसल्या होत्या, माझ्यापासून दहा पावलांवर. आणि त्यांचे वडील गेले हे त्यांना न सांगता मी परत फिरलो.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. मंडळाच्या मासिकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलंय. "तुमचं मराठी शुद्ध, तुम्हीच लिहा," म्हणाले. बेंगळूरच्या तुमच्या गल्लीत सगळं मराठी अर्धं कानडीच. त्यात मी निपाणीचा म्हणून पंडित. तुम्ही तर मला नावानं कधी हाकच मारली नाहीत. "ए निपाणी, स्वल्प इकडे ये." राज्यं नव्यानं आखली गेली, निपाणी म्हैसूर राज्यात आली, तेव्हा तुम्ही दुकानातून ओरडला होतात, "निपाणी, आता तरी घरात आलास बा!" मला राग आला होता. तुम्ही पेढे आणून ठेवलेले. मी खाल्ले नाहीत. आज वाटतं, खायला हवे होते. तो वाद वेगळा, पण आता सगळेच वाद एकमेकांत गुंतलेत.

दोन पानांत तुमची सेवा लिहायची आहे. चाळीस वर्षं हा माणूस शिंपीकाम करता करता आपल्या लोकांच्या मयतीचा आणि लग्नाचा सांगावा घरोघर पोचवत राहिला, असं लिहिलं की झालं. पण ते वाक्य लिहिलं की पुढचं वाक्य माझं येतं, आणि तिथं हात थांबतो. म्हणून आधी माझंच लिहितो. छापायचं की नाही ते मंडळी ठरवतील.

तुमच्या दुकानात कोट टाकायचा म्हणजे तो कधी मिळेल हे गावात कोण आजारी आहे त्यावर असायचं. अर्धी बाही मशीनखाली, आणि कुणीतरी येऊन उंबऱ्याशी उभं राहिलं की तुम्ही पायडलवरून पाय काढायचात. मापाची पट्टी गळ्यात तशीच. सायकल काढायचात. बळेपेट, कॉटनपेट, तिकडे येलहंका, तळ्याकाठचं बेळ्ळंदूर, आपलं घर कुठं कुठं आहे ते सगळं तुमच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. मी एकदा वही आणून दिली, तर तुम्ही तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहिलीत.

आणि सांगण्याची तुमची रीत. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. "आधी नाव, मग वेळ. मध्ये काही नको. तुझं तोंड वाकडं करू नको, रडणं त्यांचं असतं, आपलं नाही." निघताना 'येतो' म्हणायचं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, लेक बाहेरगावी असेल तर ती आल्याशिवाय उचलायचं नाही. जो सांगायला गेला त्यानं परत येऊन तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही त्या घरात जाऊन शब्द द्यायचा. तुमचा शब्द आला की मग तिरडीला हात. तुम्ही 'सांगितलंय' म्हणालात की त्यावर गल्लीत कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

पहिल्या निवडणुकांचा तो हिवाळा. मी तिशीला आलेलो, कचेरीत कारकून, गल्लीत येऊन वर्षही झालं नव्हतं. गल्लीतले म्हातारे मल्हारराव सकाळी गेले. तुम्ही माणसं वाटून दिलीत. येलहंक्याला तुम्ही स्वतः, बेळ्ळंदूरला दुसरं कुणी, आणि बाकीचे निघाल्यावर माझ्याकडे बघून, "निपाणी, तू आनेकल. लेक आहे तिथं त्यांची, सावित्री. बरोबर घेऊनच ये. वाट लांबची आहे, म्हणून तिथं मेले म्हणू नको, फार आजारी आहेत म्हण. बसमध्ये बसली की तिला आपोआप कळतं." मी म्हणालो, सरी, ठीक आहे.

कलासिपाळ्याहून बस मिळाली. वाटभर मी वाक्य म्हणत होतो. तुमच्या वडिलांना बरं नाही, चला. साधं वाक्य. कचेरीत मी साहेबांपुढे याहून अवघड वाक्यं बोलत असे.

घर विचारत गेलो. समोर चिंचेचं झाड होतं, त्याखाली थांबलो. सावित्रक्का अंगणात चटईवर बसून अवरे सोलत होत्या. आमच्याकडे पावटा म्हणतात त्याचाच भाऊबंद, पण इथले लोक हिवाळ्यात त्याच्यासाठी वेडे होतात. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, की सालीतून तो टुणकन उडतो. त्यांच्या मांडीत पितळी पातेलं, आणि शेजारची बाई कुंपणावरून बोलत होती. कानडीत. मला कळत होतं. शेजारीण म्हणाली, एवढे कुणासाठी? तर सावित्रक्का म्हणाल्या, अप्पांसाठी, सोमवारी जाणार आहे. गेल्या खेपेला सालीसकट भाजी केली तर म्हणाले, म्हाताऱ्याला मारतेस काय. आणि हसल्या. इतक्या हसल्या की एक दाणा उडून पातेल्याबाहेर पडला.

मी रस्ता ओलांडला. कुंपणापाशी आलो. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "यार बेकु?" कोण हवंय, असं. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी गल्लीत येण्याच्या कितीतरी आधी त्यांचं लग्न झालेलं.

अण्णा, माझ्या तोंडून कानडीच आलं. मी बस स्टँड विचारलं. त्यांनी ओला हात लांब करून दाखवलं, सरळ जा म्हणाल्या, आणि पुन्हा दाण्यांकडे वळल्या.

त्या क्षणी काय झालं ते मी पंधरा वर्षं स्वतःला विचारतोय. भीती म्हणावी तर कशाची? त्या काय करणार होत्या मला? दया म्हणावी तर ही कसली दया, जी माणसाला बापाचं तोंडही बघू देत नाही? कधी वाटतं, ते हसणं माझ्या हातून मोडायला नको होतं, एवढंच. मग वाटतं हे फार गोड झालं, मी इतका चांगला नाही. मला ते बोलायचं नव्हतं, बस. पहिल्यापासून अवघड ते न बोलणारा माणूस मी. आईला बेंगळूरला निघतोय हेसुद्धा आदल्या दिवशी सांगितलेलं.

परतीच्या बसमध्ये मी दुसरं वाक्य म्हणत आलो. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे होतात. सायकल भिंतीला.

"काय?"

"सांगितलं. त्यांना ताप आहे. उठवत नाही. मग खरं तेच सांगावं लागलं. थांबू नका म्हणाल्या."

थांबू नका, हे मी का जोडलं? ताप पुरला असता. दोन माणसं गाडी घेऊन जाऊन त्यांना तशाच पांघरुणात गुंडाळून घेऊन आली असती. तेच होऊ नये म्हणून मी ते शब्द जोडले. इतपत डोकं माझं चालत होतं. म्हणजे मी गांगरलो होतो असंही म्हणता येत नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. आत गेलात आणि मल्हाररावांच्या मुलाला, दत्तूला, शब्द दिलात. सगळे निघाले. मी शेवटच्या रांगेत होतो.

आणि मग सोमवार.

कचेरीला जाण्याआधी मी तुमच्या दुकानात कॉलरचं माप द्यायला थांबलो होतो. सावित्रक्का पहिल्या बसनं आल्या. हातात डबा. गल्लीच्या तोंडालाच तुमचं दुकान, म्हणून घरी जाण्याआधी आत डोकावल्या.

"अण्णा, बरे की? आमचे अप्पा काय म्हणतात?"

मी आरशाकडे तोंड करून उभा होतो. पट्टी माझ्या गळ्याभोवती होती आणि तिचं दुसरं टोक तुमच्या हातात. तुम्ही ते सोडलंत.

"सावित्री, तुला ताप..."

"कसला ताप?"

तुम्ही थांबलात. मी आरशात तुम्हाला बघत होतो. तुम्ही माझ्याकडे वळून बघाल म्हणून वाट बघत होतो. वळला नाहीत. खाली उतरलात, तिच्यासमोर उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिलात.

"सावित्री, मल्हारराव गेले. गुरुवारी, सकाळी सातला."

"आज सोमवार की," त्या म्हणाल्या. "आज सोमवार की, अण्णा." मग, "माझ्याकडे कुणी आलं नाही."

त्यांना कुंपणापाशी उभा राहिलेला माणूस आठवला असता, मागं वळून त्यांनी आरशासमोरच्या माणसाकडे नीट पाहिलं असतं, तर? पाहिलं नाही. की पाहिलं आणि ओळखलं नाही, ते माहीत नाही.

दत्तू धावत आला. "अण्णा, तुम्ही तर ताप म्हणालात! थांबू नका म्हणाली म्हणालात!"

"म्हणालो."

"कोण गेलं होतं आनेकलला?"

मी म्हणालो असतो, मी. तेवढंच म्हणायचं होतं, एक अक्षर. तोंड उघडलंही होतं बहुतेक. पण तुम्ही माझ्याआधी बोललात.

"कुणी नाही. धाडायचं माझ्याकडून राहिलं. चूक झाकायला ताप सांगितला."

दाराशी गल्ली जमली होती. दत्तू शांतपणे म्हणाला, "तुमच्या शब्दावर उचललं आम्ही." ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "आमच्या घरचं यापुढं तुम्ही बघू नका, अण्णा." आणि बहिणीला धरून घेऊन गेला. डबा दुकानाच्या पायरीवर राहिला. मी कचेरीला गेलो. त्या दिवशी मी कचेरीला गेलो, अण्णा.

चाळीस वर्षांत तुम्ही एकच खोटं बोललात, आणि ते माझ्यासाठी. त्यानं तुमचं काय केलं ते मी डोळ्यांनी बघत होतो. पुढची काही वर्षं तुम्ही कुठल्याही घरात 'सांगितलंय' म्हणालात की मागून कुणीतरी हळूच विचारायचं, "नक्की ना?" तुम्ही "नक्की" म्हणायचात. ज्या माणसाला आधी विचारावं लागत नव्हतं त्याला आता दोनदा बोलावं लागत होतं. दत्तूच्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता गल्लीतल्या प्रत्येक घरी आल्या, तुमच्या घरी नाही. तुमच्याच दुकानात शिवलेले कपडे घालून आम्ही सगळे जेवायला गेलो. मीही गेलो. दोन वेळा भात घेतला.

तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. का? पुन्हा पुन्हा मी तिथंच येतो. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी फार वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नसावं. पण तुम्ही निदान विचारायचंत. मला शिव्या द्यायच्यात. त्याऐवजी पुढच्याच मयतीला तुम्ही मला हाक मारलीत, "निपाणी, चल." मला वाटलं, ही शिक्षा. मग वाटलं, विश्वास. मग वाटलं, यांच्या लक्षातच नाही, यांना फक्त सायकल चालवणारा एक माणूस हवाय. पंधरा वर्षांत तुम्ही मला सगळ्या दिशांना धाडलंत, फक्त आनेकलला कधी नाही. आणि जिथं लेक असेल, त्या घरी मात्र नेमानं मलाच. मी सांगायला शिकलो. आधी नाव, मग वेळ. लोक म्हणायचे, निपाणीवाले सांगतात तेव्हा बरं सांगतात.

म्हणूनच मी छापील कार्डांचं काढलं. तुम्हाला वाटायचं मी नव्या जमान्याचा, हौशी. कारकुनी डोकं. "कार्ड छापू, पोस्टानं जातील, औषधाच्या दुकानात टेलिफोन आलाय, तोही वापरू." तुम्ही हसायचात. "कार्ड दारात उभं राहतं काय रे? बाई खाली बसली तर कार्ड धरतं तिला?" मी म्हणायचो, माणूस चुकतो, कार्ड चुकत नाही. हे वाक्य मी तुमच्यापुढे किती वेळा म्हणालो! आणि तुम्ही दरवेळी दोरा तोडत म्हणायचात, "चुकू दे की." मला त्यातून सुटायचं होतं, एवढंच त्या कार्डांचं खरं कारण. ते तुम्हाला कळत होतं का? वाद तसाच राहिला. गेल्या महिन्यातसुद्धा तुम्ही खाटेवरून म्हणालात, "माझं कार्ड छापू नको हं." मी म्हणालो, "बघू." त्यावर काहीतरी वेगळं म्हणायला हवं होतं.

एकदा मी सुरुवात केली होती. तुमचे डोळे अधू झाले होते तेव्हा. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नाही. मी म्हणालो, "अण्णा, एक सांगायचं होतं. फार दिवसांचं आहे."

तुम्ही सुई पुढं केलीत. "आधी हिच्यात दोरा घाल बा. मला दिसत नाही."

मी दोरा घातला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. सुई घेऊन तुम्ही म्हणालात, "हं. झालं." आणि काजं करायला लागलात. ते 'झालं' दोऱ्याचं होतं की माझं? मी उठून आलो. घरी येईपर्यंत हलकं वाटत होतं, रात्री जेवताना संताप आला. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत असं वाटलं. आज वाटतं, तुम्ही फक्त सुई पुढं केली होती. थांबायचं काम माझं होतं.

माझी आई गेली तेव्हाचंही लिहायचंय. तार दुकानाच्या पत्त्यावर आली होती. तुम्ही कचेरीत आलात, गळ्यात पट्टी. व्हरांड्यात उभे राहिलात. शिपाई खुर्ची द्यायला लागला तर नको म्हणालात. मी टेबलावरून तुम्हाला पाहिलं आणि तुम्ही पाणी नाकारताना पाहिलं, तेव्हाच मला कळलं. तरी तुम्ही आत येऊन म्हणालात, "आई गेल्या. पहाटे पाचला." मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत, त्याला टोपण लावलंत, माझ्या खिशात ठेवलंत. मी शाईनं शर्ट भरवीन म्हणून असेल. शिंप्याला शर्टाची काळजी. तुम्ही हुबळीपर्यंत माझ्याबरोबर गाडीत आलात, वाटेत एक शब्द बोलला नाहीत, आणि मी एकटाच का रडतोय असं मला एकदाही वाटलं नाही. त्या गाडीत मला पहिल्यांदा सावित्रक्कांची आठवण आली नाही असं लिहिणार होतो, पण आली. सगळा वेळ आली. त्यांना हे मिळालं नाही. तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून मी तुम्हालाच फसवत होतो.

गेल्या आठवड्यात तुम्ही गेलात तेव्हा आम्ही सगळे तुमच्या ओसरीवर बसलो, आणि घरं आठवेनात. एकाला कॉटनपेटची ठाऊक, दुसऱ्याला येलहंक्याची निम्मी. तुमच्याखेरीज कुणाला सगळं माहीत नव्हतं. गंगाक्का, तुमच्या घरच्या, आतून एकेक नाव सांगत होत्या. लग्नाला बावन्न वर्षं झालीत तर तेवढं त्यांच्याही डोक्यात उतरलं होतं. मी म्हणालो, "आनेकल?"

गंगाक्का बाहेर आल्या. "आनेकल नको. त्या घराशी ह्यांचं तुटलंय. ह्यांची चूक होती, पण पंधरा वर्षं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. नको."

ह्यांची चूक होती. तुमच्या बायकोलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत, अण्णा. मला वाटायचं, निदान घरात सांगितलं असेल. त्यांनीही तुम्हाला चुकलेलेच मानलं, आणि तसंच मानत संसार केला. मी तिथं मान खाली घालून बसलो. वीसएक माणसं होती. याहून योग्य वेळ पुन्हा येणार नव्हती. मी चपला घातल्या आणि मला दिलेल्या दिशेला, बेळ्ळंदूरला, गेलो. तिथल्या तीन घरी तुमचं नाव सांगितलं, वेळ सांगितली, पाणी घेतलं नाही. फार चांगलं सांगितलं मी.

आज सकाळी हे लिहायला बसण्याआधी गंगाक्कांकडे जाऊन आलो. त्यांना सांगितलं. सगळं, चिंचेच्या झाडापासून. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून झाल्यावर सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मग ते मला का नाही बोलले?" मला वाटलं होतं त्या मला विचारतील, तू का नाही बोललास. त्या तुमच्यावरच रागावल्या. "बावन्न वर्षं एका ताटात जेवलो की." मी काय सांगणार? मला कळत असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी मला जा म्हणून सांगितलं, पाया पडू दिलं नाही. पण माझ्यावर रागावल्या नाहीत, आणि तेच मला पेलेना.

हे मासिक आनेकलला जात नाही. गेलं तरी सावित्रक्कांना मराठी वाचता येत नाही. त्या शिकल्या कानडी शाळेत. कुणाकडून त्यांना वाचून दाखवावं असंही एकदा मनात आलं, लगेच लाज वाटली. तुम्ही त्यांना माणूस धाडला होता, तो मी होतो, आणि त्या 'थांबू नका' म्हणाल्या नव्हत्या, हे मी त्यांच्या दारात उभं राहून माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.